उंच सुराची वाट
(ट्रंपेट व अन्य पितळी वाद्ये शिकणाऱ्यांसाठी)

१४ एप्रिलची मिरवणूक असो, अशोक विजयादशमीचा सोहळा असो वा समाजबांधवांच्या घरचा मंगल परिणय असो, बँड पथक उभे राहिले की लोकांचे कान ट्रंपेटकडे लागतात. गाण्याचे धृपद सगळेच वाजवतात. अंतरा वर चढू लागला की मात्र जाणकार मंडळी सावध होतात. तो वरचा सूर स्वच्छ लागला तर माणसे खूश होतात. तो फाटला, घसरला किंवा आलाच नाही, तर त्या वादकाला बराच वेळ मान वर करवत नाही. पथकात बारा-पंधरा माणसे असली तरी अशा वेळी दोष एकट्या ट्रंपेटवाल्याच्या वाट्याला येतो.

हा सूर लागावा म्हणून होतकरू मुले काय काय करतात हे सर्वांनी पाहिलेले आहे. गाल फुगतात, मान ताठते, चेहरा लालबुंद होतो आणि वाद्य ओठांवर असे दाबले जाते की खाली घेतल्यावर ओठांवर माउथपीसचे कडे उमटलेले दिसते. काही मुले त्या कड्याला मेहनतीची खूण समजतात. आमच्या मते ती धोक्याची खूण आहे. वरचा सूर कशाने निघतो, कशाने निघत नाही आणि ओठ शाबूत ठेवून तो कसा कमवावा, एवढेच प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. उदाहरण ट्रंपेटचे घेतले असले तरी कॉर्नेट, युफोनियम, ट्रॉम्बोन या वाद्यांनाही यातील बहुतेक सर्व गोष्टी लागू पडतात. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांत ओठांऐवजी वेताची पत्ती कंप पावते, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

जन्म की विद्या?

वरच्या सुराविषयी आपल्याकडे तीन समजुती आहेत. एक, त्यासाठी ओठ जन्मतःच तसे असावे लागतात. दोन, छातीत दम असला की सूर आपोआप येतो. तीन, ही कला घराण्यातून येते. ज्याचा बाप-आजा वाजवत होता त्यालाच ती साधते. या तिन्ही समजुती माणसाला शिकण्यापासून परावृत्त करतात, हा त्यांतील सर्वांत मोठा दोष होय.

वाद्य आणि जन्म यांची गाठ आपल्या समाजाला चांगली ठाऊक आहे. हलगी, डफडे यांसारखी वाद्ये आपल्या वाडवडिलांनी पिढ्यानुपिढ्या वाजवली, परंतु ती गावकीची सक्तीची कामगिरी म्हणून. वाजवणाऱ्याची कला कोणी पाहिली नाही, त्याची जात पाहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीमुळे आणि पुढे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ठिकठिकाणच्या आपल्या लोकांनी हे काम ठामपणे नाकारले आणि त्यासाठी गावाचा रोषही सोसला. आज आपली मुले ट्रंपेट हातात घेतात ती कोणाच्या हुकुमावरून नव्हे. म्हणूनच ते वादन अंगमेहनत न राहता विद्या झाले पाहिजे. विद्येला कारणे असतात, ती समजून घेता येतात, आणि ज्याला ती समजली तो दुसऱ्याला शिकवू शकतो.

शिक्षण मिळाले की काय घडते याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. पोर्तुगीज राजवटीत तेथे चर्चला जोडलेल्या शाळांतून सामान्य घरांतील मुलांनाही स्वरलेखन वाचायला आणि वाद्य वाजवायला शिकवीत असत. त्याच परंपरेतून मुंबईच्या चित्रपटसृष्टीला पुढे कितीतरी वादक मिळाले. आल्दोना गावचे अँतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकीच एक. मुंबई त्यांना ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखत असे आणि त्यांच्या ट्रंपेटमुळे त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या संगीतात त्यांचा सहभाग होता.

दुसरे उदाहरण फ्रान्सचे. मोरीस आंद्रे हे १९३३ साली खाणकामगाराच्या घरी जन्मले आणि किशोरवयात स्वतःही कोळशाच्या खाणीत राबले. संगीत विद्यालयाचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून ते लष्करी बँडमध्ये भरती झाले आणि त्या मार्गाने पॅरिसच्या नामांकित विद्यालयात शिकू शकले. १९५५ साली जिनिव्हा येथील व १९६३ साली म्युनिक येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकल्या. अतिशय उंच सुरांच्या पिकोलो ट्रंपेटला जगभर मान मिळवून देणारा वादक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. २०१२ साली ते वारले. खाणीत राबणाऱ्या मुलाला वरचा सूर कोणी जन्मतः बहाल केला नव्हता. तो त्याने शिकून मिळवला.

नळीतला जिना

ट्रंपेट म्हणजे दीड मीटरच्या आतबाहेर लांबीची, वळवून गुंडाळलेली पितळी नळी. तिच्यात नुसती हवा सोडली तर सूर निघत नाही. सूर ओठांच्या कंपनातून निघतो. ओठ अलगद मिटलेले असतात, आतील हवा त्यांना दूर ढकलते, ते पुन्हा जवळ येतात. ही उघडझाप सेकंदाला शेकडो वेळा होते. मात्र ओठांना वाटेल त्या गतीने थरथरता येत नाही. नळीतील हवा ठरावीक कंपनांनाच साथ देते, आणि ओठ त्या कंपनांवर जाऊन बसतात.

बँडमध्ये सर्रास दिसणारे बी-फ्लॅट ट्रंपेट म्हणजे आपल्या भाषेत काळी पाचचे वाद्य. एकही बटण न दाबता त्यातून कोणते सूर निघतात ते पाहू. खालचा सा सेकंदाला सुमारे २३३ कंपनांचा असतो. त्यानंतर थेट प येतो, सुमारे ३५० कंपनांचा. मग मधला सा, ४६६. त्यावरचा ग, ५८३. मग प, ७००. त्यानंतर थोडा उतरलेला कोमल नी, ८१६, आणि मग वरचा सा, ९३२. प्रत्येक पायरीला साधारण ११६ ते ११७ कंपनांची भर पडते. म्हणजे वरचा सा वाजवताना ओठांची उघडझाप खालच्या सा च्या चौपट वेगाने होत असते.

या जिन्याची एक गंमत आहे. खालच्या पायऱ्या ऐसपैस आहेत. सा आणि प यांत पाच स्वरांचे अंतर आहे. वर जावे तशा पायऱ्या अरुंद होत जातात. वरच्या सा नंतर रे, मग ग, अशा त्या अगदी खेटून येतात. शिवाय फार वरच्या सुरांना वाद्याच्या तोंडाकडून परत मिळणारा आधारही कमी होतो. म्हणून खाली ओठांची ठेवण जराशी चुकली तरी वाद्य सांभाळून घेते. वर तेवढ्याच चुकीने पाय शेजारच्या पायरीवर पडतो. आपण ज्याला सूर घसरला म्हणतो तो असा घसरतो.

आता बटणांचे काम. बटण दाबले की नळीला आणखी एक तुकडा जोडला जातो. दुसरे बटण सूर अर्ध्या स्वराने उतरवते, पहिले एका स्वराने आणि तिसरे दीड स्वराने. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बटण सूर उतरवते, चढवत कधीच नाही. पायरी चढण्याचे काम ओठ, श्वास आणि जीभ या तिघांनाच करावे लागते.

वर चढताना काय बदलते?

पहिला बदल ओठांत होतो. कंपनांचा वेग वाढायचा तर ओठांचा थरथरणारा भाग लहान आणि घट्ट व्हावा लागतो, आणि त्यांच्यामधील फट बारीक व्हावी लागते. तोंडाभोवती वर्तुळाकार स्नायू आहे, तो ओठ आवळून घेतो. ओठांचे दोन्ही कोपरे खुंट्यांसारखे जागच्या जागी स्थिर राहतात. गालातील स्नायू कोपऱ्यांना आधार देतो. शरीरशास्त्रात या गालाच्या स्नायूला ‘बक्सिनेटर’ म्हणतात आणि या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी ‘तुतारी वाजवणारा’ असा आहे. वर जाताना पुष्कळ मुले हसल्यासारखे ओठ ताणतात. ते टाळावे. ताणल्याने ओठ पातळ होतो, सूर चिरका येतो आणि ओठ लवकर दमतो. कोपरे बाहेर न ओढता किंचित आत, मधल्या बाजूला आवळावेत.

दुसरा बदल श्वासात. वरच्या सुराला हवा जास्त लागते असे आपण समजतो. प्रत्यक्षात फट बारीक झाल्याने हवा कमीच जाते. जास्त लागतो तो हवेचा दाब. जोरात वाजवलेल्या वरच्या सुराच्या वेळी तोंडातील दाब खालच्या हळुवार सुरापेक्षा अनेक पटींनी अधिक असतो. पिंपभर पाणी ओतणे वेगळे आणि नळाच्या तोंडावर बोट धरून बारीक पण जोराची धार काढणे वेगळे. हा दाब गळा आवळून किंवा खांदे उचलून मिळत नाही. श्वास खाली, बरगड्या आणि पोट फुगतील असा, आवाज न करता घ्यावा. सोडताना पोटाच्या स्नायूंनी त्याला मागून सतत आधार द्यावा. गळा मात्र जांभई देताना असतो तसा मोकळा ठेवावा.

तिसरा बदल जिभेत. खालचा सूर काढताना जीभ ‘आ’ म्हणताना असते तशी खाली असते. वर जाताना तिचा मधला भाग ‘ई’ म्हणताना उचलला जातो तसा उचलला जातो. जुने शिक्षक हे अनुभवाने सांगत. अलीकडे जर्मनीत ग्योटिंगेन येथे फ्रेंच हॉर्नच्या निष्णात वादकांना एमआरआय यंत्रात वाजवायला लावून त्यांच्या जिभेच्या हालचाली टिपण्यात आल्या, आणि उंच सुरांना जीभ वर उचलली जाताना प्रत्यक्ष दिसली.

दाबण्याची सवय

या तिघांचे काम शिकायला महिने लागतात, आणि मिरवणूक तर परवावर आलेली असते. तेव्हा मुलाला चौथा मार्ग सापडतो, तो म्हणजे दाबण्याचा. माउथपीस ओठांवर दाबला की ओठ दातांच्या व धातूच्या मध्ये चिमटला जातो, त्याचा थरथरणारा भाग लहान होतो आणि सूर येतोही. म्हणूनच ही सवय फसवी आहे. दाबलेल्या ओठातील रक्तप्रवाह अडतो, स्नायू दमतो, ओठ सुजतो. सुजलेल्या ओठाने पुढचा सूर काढायला आणखी दाबावे लागते. अर्ध्या तासात ओठ बधिर होतो आणि मघाशी सहज येणारा मधला प सुद्धा येईनासा होतो. माउथपीस ओठांवर टेकवायला थोडा दाब लागतोच, नाहीतर हवा बाजूने निसटेल. प्रश्न त्यापेक्षा जास्त दाबाचा आहे.

या सवयीची किंमत किती मोठी असू शकते हे लुई आर्मस्ट्राँग यांच्या चरित्रातून दिसते. १९०१ साली न्यू ऑर्लिन्सच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत जन्मलेला हा मुलगा अनाथ व वाट चुकलेल्या मुलांच्या सुधारगृहातील बँडमध्ये कॉर्नेट शिकला आणि ज्या देशात त्याला गोऱ्यांच्या शेजारी बसण्याची मुभा नव्हती त्या देशाच्या संगीताचा चेहरा बनला. त्यांचे उंच सूर ऐकायला लोक लोटत. परंतु रात्रंदिवस ताकद लावून वाजवल्याने त्यांचे ओठ वारंवार फाटले, आणि १९३४ च्या सुमारास युरोपात असताना त्यांना कित्येक महिने वाद्य खाली ठेवावे लागले. ओठांभोवतीचा स्नायू फाटण्याच्या विकाराला पुढे १९८२ मध्ये एका वैद्यकीय लेखात त्यांच्याच टोपणनावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ असे नाव देण्यात आले. आर्मस्ट्राँग यांची प्रतिभा घ्यावी, त्यांचा आत्मसन्मान घ्यावा. ओठ दाबणे मात्र घेऊ नये. त्यांच्यापाशी विश्रांती घेण्याइतके नाव तरी होते. लग्नसराईच्या सुपाऱ्यांवर घर चालवणाऱ्या आपल्या मुलाचा ओठ फाटला तर त्याचा हंगाम जातो.

सोणाची वीणा

भगवान बुद्धांच्या चरित्रातील सोण कोळिविस याची कथा आपणा सर्वांस परिचित आहे. चंपानगरीच्या श्रीमंत घरातला हा तरुण भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात चंक्रमण करीत इतका राबला की त्याच्या पायांतून रक्त आले. तरीही फळ दिसेना, म्हणून तो निराश झाला. तो पूर्वाश्रमीचा वीणावादक होता. भगवंतांनी त्याला त्याच्याच विद्येतला प्रश्न विचारला: तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय? फार सैल सोडल्या तर? दोन्ही वेळा नाही, हे सोणाने कबूल केले. वीर्याचेही तसेच आहे, ते सम असावे, हा बोध त्याला मिळाला.

ही कथा उपदेश म्हणून आपण ऐकतो. ट्रंपेट शिकणाऱ्याने ती तंत्र म्हणूनही ऐकावी. आपली तार म्हणजे ओठ. तो सैल असेल तर वरचा सूर येणार नाही आणि चिमटलेला असेल तर टिकणार नाही. रक्त येईपर्यंत राबणाऱ्या सोणाला भगवंतांनी आळशी म्हटले नाही, तसेच आणखी राब असेही म्हटले नाही. जो मुलगा दाबून वाजवतो तो कष्टाळूच असतो. त्याचे कष्ट योग्य ठिकाणी लावण्याची गरज असते.

आनापानसतीचा अभ्यास करणाऱ्यांना येथे एक लाभ आहे. ध्यानात आपण श्वास जसा आहे तसा पाहतो, त्याला वळण देत नाही. वाद्यात तर तो वापरायचाच असतो. दोन्ही गोष्टी भिन्न आहेत. परंतु पाहण्याची सवय लागलेल्या माणसाला आपली मान कधी आखडली, करंगळी कधी आवळली, श्वास कधी अडला हे लवकर कळते. दोष कळला की निम्मे काम झाले.

रोजचा रियाज

रोज ४० ते ४५ मिनिटांचा रियाज पुरेसा आहे, पण तो रोज हवा. रविवारी चार तास वाजवून आठवडाभर वाद्य पेटीत ठेवण्याने स्नायू तयार होत नाहीत. जेवढा वेळ वाजवले तेवढा वेळ थांबावे, हा पहिला नियम. थांबलेला वेळ वाया जात नाही, त्यात ओठांना रक्त मिळते.

पहिली पाच मिनिटे घोडा फुरफुरतो तसे ओठ सैल फडफडवावेत, मग नुसत्या माउथपीसवर सोपी धून वाजवावी.

त्यानंतर लांब सूर. खालच्या सा पासून मधल्या सा पर्यंतचे सूर, एकेक आठ-दहा सेकंद, जितक्या हळू आवाजात स्थिर राहील तितक्या हळू धरावेत. कंटाळवाणे वाटले तरी पुढच्या सगळ्या इमारतीचा पाया हाच आहे.

तिसरा भाग पायऱ्यांचा. एकही बटण न दाबता, जिभेचा ठोका न देता सा-प-सा वाजवावे. मग दुसरे बटण दाबून तेच, मग पहिले, मग पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे, पहिले-तिसरे आणि शेवटी तिन्ही. अशा सात लांबींवर हा जिना होतो. तो सहज जमू लागला की प ते मधला सा, मग सा ते ग, मग ग ते प असे वर सरकावे. ओठ, श्वास आणि जीभ एकमेकांना सांभाळायला शिकतात ते या पाठातच.

चौथा भाग चढण्याचा. अर्ध्या-अर्ध्या स्वराने, हळू आवाजात वर जावे. ज्या सुराला वाद्य ओठांकडे ओढावेसे वाटू लागेल तेथे थांबावे. तो आजचा आपला शेवटचा सूर. तो तीन वेळा सलग, न दाबता लागला तरच दुसऱ्या दिवशी अर्धा स्वर वर जाण्याचा विचार करावा. एखादा सूर महिनाभर अडून बसतो, बसू द्यावा. अमेरिकेचे हर्बर्ट क्लार्क यांनी १९१२ साली लिहिलेल्या अभ्यासपुस्तकातील पाठ हळू आवाजात वाजवायचे आहेत, ते याच कारणासाठी. त्याआधी १८६४ साली फ्रान्सच्या आर्बां यांनी लिहिलेले शिक्षणपुस्तक आजही जगभर वापरात आहे. स्वरलेखन वाचता येत असेल तर ही दोन पुस्तके पुष्कळ वर्षे पुरतात.

शेवटी पुन्हा खाली उतरून दोन-चार खर्जाचे सूर सैल ओठांनी वाजवावेत आणि मगच वाद्य पेटीत ठेवावे.

दाब ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. ट्रंपेटवर उजव्या करंगळीसाठी एक आकडी असते. ती पान उलटताना वाद्य धरता यावे म्हणून उपयोगी पडते, ओढण्यासाठी नाही. रियाजात करंगळी त्या आकडीच्या बाहेर, वर ठेवावी. ज्या क्षणी ती आपोआप आकडीत जाऊ पाहील, त्या क्षणी समजावे की आपण दाबू लागलो.

आणखी एक गोष्ट. सूर वाजवण्याआधी तो मनात, जमल्यास तोंडाने, गाऊन घ्यावा. वरच्या पायऱ्या अरुंद असतात. कुठे जायचे हेच ठाऊक नसेल तर पाय बरोबर कसा पडेल? शिकागो सिंफनी वाद्यवृंदात १९४४ ते १९८८ पर्यंत ट्यूबा वाजवणारे अर्नोल्ड जेकब्स यांची फुप्फुसे आजारामुळे दुबळी होती. तरी त्यांच्याकडे श्वास शिकायला जगभरचे वादक येत. त्यांची शिकवण दोन शब्दांत मावते: गाणे आणि हवा. मनात गाणे स्वच्छ वाजले पाहिजे आणि हवा मोकळी वाहिली पाहिजे. स्नायूंचे बारकावे शरीर मागाहून शोधून काढते. त्याच वाद्यवृंदाचे मुख्य ट्रंपेटवादक अडॉल्फ हर्सेथ यांना १९५२ साली मोटार अपघातात ओठांना व दातांना गंभीर इजा झाली. ते पुन्हा वाजवू लागले आणि २००१ पर्यंत मुख्य वादक राहिले. ओठ जखमी झाला तरी कानातला सूर शाबूत होता.

माउथपीस बदलल्याने सूर मिळेल, अशीही एक आशा असते. उथळ वाटीचा माउथपीस आवाज चमकदार करतो आणि थोडे श्रम वाचवतो, पण नसलेली पायरी तो आणून देत नाही. शिकणाऱ्याने ७सी सारखा मध्यम आकाराचा माउथपीस घ्यावा आणि दर महिन्याला बदलू नये.

मिरवणुकीच्या दिवशी

एप्रिलचे ऊन, चार-पाच तासांची वाटचाल आणि शेजारी डीजेच्या भिंती, अशी आपली खरी परीक्षा असते. लाऊडस्पीकरशी स्पर्धा करू नये. त्यात ट्रंपेट हरणार हे ठरलेले आहे, ओठ तेवढा जाईल. निघण्यापूर्वी दहा मिनिटे हळू वाजवून ओठ तयार करावेत. रियाजात जो सूर न दाबता लागतो त्याच्या एक-दोन सूर खालपर्यंतच मिरवणुकीत जावे. गाणे वर जात असेल तर पथकप्रमुखाने पट्टी उतरवावी. काळी पाचमधले गाणे पांढरी पाचमध्ये वाजवल्याने गाण्याचा मान कमी होत नाही.

उन्हात पितळी वाद्याचा सूर चढतो, कीबोर्डचा चढत नाही. अशा वेळी सूर जुळवण्याची नळी किंचित बाहेर ओढावी, ओठांनी सूर खाली दाबत बसू नये. पाणी वरचेवर प्यावे. ओठ सुजल्यासारखा वाटला की त्या दिवसापुरते वरचे सूर सोडून द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी फक्त हळू, खालचे सूर वाजवावेत. ओठात वेदना राहिल्या, किंवा कड्याखाली खाच लागल्यासारखे वाटले, तर डॉक्टरांना दाखवावे.

शरीर आणि शील

वरचा सूर धरून ठेवताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबावे. छातीत दाब कोंडला की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, त्यामुळे असे होते. काचबिंदू किंवा हर्निया असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच उंच सुरांचा सराव करावा. मोठ्या ढोलाशेजारी उभे राहणाऱ्यांनी कानात बोळे घालावेत. कान गेला तर सूर कुठून येणार?

तंबाखू आणि गुटख्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. राज्य शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी तो तरुणांच्या खिशातून गेलेला नाही. सुपारीमुळे तोंडाच्या आतील त्वचा कडक होत जाते, तोंड उघडेनासे होते, आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. ज्याची सारी विद्या ओठ आणि गाल यांच्या लवचीकपणावर उभी आहे त्याने हे विष तोंडात धरणे म्हणजे आपले वाद्य आपल्या हातांनी मोडणे होय. दारूचेही तेच. ती घेतल्यावर दम वाढल्यासारखे वाटते, पण ओठांवरचा ताबा सुटतो आणि दाब किती लागतोय हे कळेनासे होते. पंचशीलातील पाचवे शील आपण विहारात म्हणतो. बँडच्या मुलांना ते धंद्याचा नियम म्हणूनही सांगावे.

मंडळाने काय करावे?

पहिली गोष्ट, प्रत्येक मुलाला स्वतःचा माउथपीस द्यावा. एकाचा माउथपीस दुसऱ्याने लावणे आरोग्याला घातक आहे, आणि दर वेळी वेगळा आकार ओठांवर येत राहिला तर ठेवण पक्की होत नाही. तो आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने व साबणाने धुवावा.

दुसरी, पथकात निदान दोन ट्रंपेटवादक तयार करावेत. एकाने अंतरा वाजवावा तेव्हा दुसऱ्याने ओठ विसावावेत.

तिसरी, पुढचे कायमचे दात आल्याशिवाय मुलांना ट्रंपेटला बसवू नये. तोवर त्यांना सरगम आणि स्वरलेखन शिकवावे.

चौथी, मुलींना या वर्गात घ्यावे. उंच सूर मनगटाच्या ताकदीने निघत नाही हे एकदा मान्य केले की ट्रंपेट पुरुषांचे वाद्य आहे या म्हणण्यात काही उरत नाही. ब्रिटनच्या ॲलिसन बाल्सम यांनी ट्रंपेटवादनात जगभर नाव मिळवले आहे.

पाचवी गोष्ट पैशांची नाही. अंतऱ्याला सूर फाटला तर त्या मुलाला हसू नये, आणि ‘अजून जोर लाव’ असे तर कधीच ओरडू नये. या एका वाक्याने जितके ओठ बिघडले तितके दुसऱ्या कशाने बिघडले नसतील. त्याऐवजी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवावे, सा-प-सा वाजवायला सांगावे आणि करंगळी आकडीत गेली का ते पाहावे. तिथून सुरुवात केली तर पुढच्या जयंतीपर्यंत सूर बराच वर गेलेला असेल, आणि ओठावर कडेही नसेल.

जय भीम!